सगळ्यांत जास्त खपलेला कन्सोल कोणता? डब्यांचा हिशेब आणि खेळणाऱ्यांचा हिशेब

प्रश्न असा आहे: "आजवर सगळ्यांत जास्त विकला गेलेला कन्सोल प्लेस्टेशन २ की निन्टेन्डो स्विच? जास्त विकला म्हणजे तोच सगळ्यांत चांगला का? आणि आमच्या माळ्यावर जुना प्लेस्टेशन २ पडलाय, तो ठेवावा की भंगारात द्यावा?"

थोडक्यात सांगायचं तर पहिला नंबर अजून सोनीच्या प्लेस्टेशन २ चाच आहे. स्विच अगदी पाठीवर आहे. आणि माळ्यावरचा डबा भंगारात देऊ नका, त्याबद्दल शेवटी बोलतो. मी पुण्यात बुधवार पेठेच्या बाजूला एका बोळात गेली बावीस-तेवीस वर्षं कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायची यंत्रं, दुरुस्त करतोय. विकणारा डबा विकून मोकळा होतो. तो पुढे कसा जगतो, कुणाच्या घरी किती वर्षं चालतो, किती हातांतून फिरतो, ते आमच्यासारख्यांच्या टेबलावर दिसतं. म्हणून मधल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबणार आहे.

आधी आकडे. प्लेस्टेशन २, १६ कोटींहून थोडे जास्त. निन्टेन्डो स्विच, २०२५ अखेर १५ कोटी ५३ लाख ७० हजार. निन्टेन्डो डीएस, १५ कोटी ४० लाख २० हजार. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाख ९० हजार. प्लेस्टेशन ४, ११ कोटी ७२ लाख. पहिला प्लेस्टेशन, १० कोटी २४ लाख ९० हजार. आणि निन्टेन्डो वी, १० कोटी १६ लाख ३० हजार. दहा कोटींची रेघ ओलांडलेले हे सातच. प्लेस्टेशन ३ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० साडेआठ कोटींच्या आसपास थांबले. प्लेस्टेशन ५ अजून दुकानात आहे, त्याला आज या पंगतीत बसवण्यात अर्थ नाही.

डीएस आणि स्विच यांच्यातली शर्यत शेवटी शेवटी गमतीची झाली. सप्टेंबर २०२५ अखेरच्या हिशेबात स्विच डीएसच्या फक्त १० हजार नग मागे होता. पंधरा कोटींच्या गणतीत १० हजार! पुढच्याच तिमाहीत तो पुढे निघून गेला.

आता या आकड्यांकडे आमच्या धंद्यातला माणूस कसा बघतो ते सांगतो. पहिली गोष्ट, हे आकडे तुमच्या-आमच्या घरात पोचलेल्या डब्यांचे नसतात, ते कंपनीच्या गोदामातून दुकानदारांकडे गेलेल्या मालाचे असतात. कन्सोल बरीच वर्षं विकला गेला की दोन्हींतला फरक जवळजवळ मिटतो, पण ताज्या तिमाहीचा आकडा वाचताना हे डोक्यात ठेवावं. दुसरी गोष्ट, कुणाला कुणात मिसळलंय ते बघावं. गेम बॉयच्या पावणेबारा कोटींत मूळचा जाडजूड राखाडी गेम बॉय, त्याचा सडपातळ 'पॉकेट', जपानपुरता 'लाइट' आणि १९९८ चा 'कलर' असे चौघं आहेत. 'कलर'चे बरेचसे खेळ जुन्या गेम बॉयवर चालतच नाहीत, तरी तो घरातला धरला. 'गेम बॉय अॅडव्हान्स' मात्र जुन्या कॅसेटी चालवत असूनही वेगळ्या चुलीचा. त्याचे ८ कोटी १५ लाख वेगळे मोजले जातात. दोन्ही एकत्र केले तर गेम बॉय घराणं २० कोटींवर जातं आणि सगळी यादीच उलटीपालटी होते. म्हणजे पहिला कोण, हे काही अंशी कंपनीच्या हिशेबनिसानं रेघ कुठे मारली त्यावर ठरतं.

तिसरी गोष्ट, आकडा सांगायचा की नाही हेही कंपनीच्याच मर्जीवर. मायक्रोसॉफ्टनं २०१५ पासून एक्सबॉक्सचे नग जाहीर करणंच बंद केलं. प्लेस्टेशन ४ एक्सबॉक्स वनच्या दुपटीहून जास्त खपला, ही कबुली बाहेर आली ती २०२२ मध्ये, तीही ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे दिलेल्या कागदपत्रांतून. सोनीनंसुद्धा प्लेस्टेशन २ ची मोजणी साडेपंधरा कोटींवर सोडून दिली होती. १६ कोटींची गोष्ट पुढे बारा वर्षांनी, २०२४ मध्ये, सोनीत हा धंदा सांभाळणारे जिम रायन निवृत्त होता होता बोलून गेले.

आता मूळ मुद्दा. या सातांपैकी किती कन्सोल आपापल्या काळातले सगळ्यांत ताकदवान होते? फार तर एक, प्लेस्टेशन ४, आणि तोही थोडक्यात. बाकीच्यांच्या शेजारी दुकानात त्यांच्याहून दांडगं यंत्र उभं होतं किंवा लवकरच येऊन उभं राहिलं. मोठा आकडा ताकदीनं येत नाही. तो तीन गोष्टींनी येतो: जुनं, पक्कं झालेलं आणि म्हणून स्वस्त पडणारं तंत्र, खेळाखेरीज घरात आणखी काही उपयोग, आणि लांबलेलं म्हातारपण. प्लेस्टेशन २ मध्ये या तिन्ही एकत्र आल्या, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळतो.

जपानमध्ये तो ४ मार्च २००० ला आला, ३९,८०० येनला. त्यात डीव्हीडी चालायची. त्या वेळी नुसता चांगला डीव्हीडी प्लेअर घ्यायचा तरी खिसा बराच हलका व्हायचा, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना पटवायला पोरांच्या हातात हुकमाचं पान आलं: 'पप्पा, यात पिक्चरपण लागतात.' मी स्वतः हे वाक्य दुकानात शेकडो वेळा ऐकलंय. दुसरी सोय पोटात दडलेली होती. त्याच्या बोर्डावर मुख्य प्रोसेसरच्या जोडीला पहिल्या प्लेस्टेशनचाच प्रोसेसर बसवला होता. एरवी तो कंट्रोलर, मेमरी कार्ड असली किरकोळ कामं बघायचा आणि जुन्या खेळाची तबकडी टाकली की उठून स्वतः खेळ चालवायचा. म्हाताऱ्या वडिलांना हिशेबाच्या कामाला बसवावं आणि जुनं गिऱ्हाईक आलं की त्यांनीच गल्ल्यावर बसावं, तसं. त्यामुळे कोट्यवधी घरांतल्या जुन्या तबकड्या पहिल्या दिवसापासून त्याच्या झाल्या.

बारकावेही बघण्यासारखे होते. मोठ्या, काळ्या मॉडेलच्या तबकडीच्या खणावर 'पीएस'चं छोटं चिन्ह असतं. कन्सोल उभा ठेवला की ते आडवं दिसतं. बोटानं फिरवून बघा, ते फिरतं! माझ्याकडे दहा-दहा वर्षं कन्सोल वापरलेले लोक येतात आणि मी ते फिरवून दाखवलं की लहान पोरासारखे हसतात.

पण खरी मौज त्याच्या म्हातारपणाची. नोव्हेंबर २००५ मध्ये तो दहा कोटींवर गेला. पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ३ आला, अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला. रिवाजाप्रमाणे थोरल्यानं आता कोपऱ्यात जाऊन बसायचं. हा बसला नाही. त्यानंतरही तो चार कोटींहून जास्त विकला गेला. हे चार कोटी गेले कुठे? श्रीमंत देशांतली पोरं पुढे सरकली होती. किंमत खाली आल्यावर तो आपल्याकडे, लॅटिन अमेरिकेत, आखाती देशांत शिरला. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' काढला, कन्सोलसाठी संपूर्ण भारतात बनलेला पहिला खेळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्रचा 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी होती, पतंगांची काटाकाटी होती. खेळ म्हणून दोन्ही यथातथाच. पण बघा, प्लेस्टेशन ३ येऊन तीन वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांच्या म्हाताऱ्यासाठी इथे नवे खेळ लिहिले जात होते. फुटबॉलचा 'फिफा १४' तर सप्टेंबर २०१३ मध्ये, म्हणजे उत्पादन बंद झाल्यावर, त्याच्यासाठी निघाला.

आणि आपल्याकडे या एका डब्यावर किती लोक खेळले, ते कुठल्याच यादीत सापडणार नाही. २००५ च्या पुढेमागे पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात, कॉलेजच्या आसपास जिथं बघाल तिथं गेम पार्लर होतं. पत्र्याचं शटर, चार टीव्ही, चार प्लेस्टेशन २, पाटीवर तासाचा दर, आणि भिंतीवर 'कंट्रोलर आपटू नये'. एकेका डब्यावर दिवसाला वीस-पंचवीस पोरं बसायची. फुटबॉल आणि कुस्ती जोरात, क्रिकेटला तर रांग. असे डबे माझ्याकडे यायचे तेव्हा कंट्रोलरच्या चौकोन आणि फुली या बटणांवरची खूण पार पुसून गेलेली असायची, बाकीची दोन बटणं नव्यासारखी. खुणा पुसलेली बटणं बघून तिथं कुठला खेळ चालतो ते मी सांगायचो. बहुतेक डबे 'चिप मारलेले' असायचे, म्हणजे नकली तबकड्या चालाव्यात म्हणून आत एक छोटं सर्किट सोल्डर केलेलं. त्या कामाची वकिली मी करणार नाही. पण त्यामुळे इथं विकलेल्या एका कन्सोलमागे अस्सल खेळ किती विकले गेले हा हिशेब निरर्थक झाला, एवढं खरं.

आता गेम बॉय, हातात धरून खेळायचा कन्सोल. यादीतला माझा सगळ्यांत लाडका, आणि माझ्या मुद्द्याचा सगळ्यांत भक्कम साक्षीदार. २१ एप्रिल १९८९, किंमत १२,५०० येन. बनवणारे गुनपेई योकोई. त्यांचं तत्त्वच असं होतं की नव्या तंत्रामागे धावू नये. जे पिकून, वाळून स्वस्त झालंय त्याचाच नवा उपयोग शोधावा. म्हणून पडदा हिरवट, रंग एकही नाही, फक्त चार छटा, १६० बाय १४४ ठिपके, मागून उजेड नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत, मागून उजेड असलेला. दुकानात तिघं शेजारी ठेवले तर गेम बॉय गरीब नातेवाईक दिसायचा. पण गेम गिअरला पेन्सिल सेल लागायचे सहा, आणि तीन ते पाच तासांत ते बसायचे. गेम बॉयला सेल चार, आणि ते गेम गिअरच्या कितीतरी पट जास्त चालायचे. सेल कोण विकत आणतं? आई-बाप. त्यांनी निकाल दिला. गेम गिअर एक कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

शिवाय अमेरिकेत डब्यातच पडणारे ठोकळे रचायचा 'टेट्रिस' मिळायचा. हिरवट पडद्यावर चार छटांत सुद्धा ज्याचं काही अडत नाही असा खेळ निवडायचा म्हटलं तर त्याच्याहून चांगला मिळाला नसता. १९९६ उजाडलं तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा, जवळजवळ संपल्यात जमा. त्या फेब्रुवारीत जपानमध्ये पोकेमॉन आला, आणि दोन आवृत्त्यांत आला. काही प्राणी एका आवृत्तीत, काही दुसरीत. सगळे गोळा करायचे तर मित्राच्या गेम बॉयला वायर जोडून अदलाबदल करायची. म्हणजे खेळ एकाला हवा असला तरी यंत्रं दोन लागणार. कन्सोल विकायची याहून चलाख युक्ती मी तरी पाहिलेली नाही.

माझ्याकडे गेम बॉय क्वचित येतो, बहुतेकदा परदेशातल्या कुणा मामा-मावशीनं नव्वदच्या दशकात आणलेला. पस्तीस वर्षांत पडद्यावरच्या उभ्या रेघा एकेक करून जातात. पडद्याच्या खालच्या अंगाला एक पातळ रिबन असते, तिचा जोड सुटत आलेला असतो. कमी आचेचं सोल्डरिंग आयर्न त्या रिबनवरून अलगद, एकाच दिशेनं फिरवायचं. कन्सोल सुरू ठेवूनच करतो मी हे. आयर्न पुढे सरकतं तशी मागे एकेक रेघ परत उमटत जाते. हे काम करताना दुकानातलं पोरगं चहा आणायलासुद्धा हलत नाही.

डीएसबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २००४ ला अमेरिकेत आला, दोन पडदे, खालचा बोटानं किंवा काडीनं टिपता येणारा. आयफोनच्या आधी अडीच वर्षं. मेंदूचा व्यायाम, पाळीव कुत्री असल्या खेळांमुळे जो माणूस जन्मात खेळला नसता त्यानं तो घेतला. एकट्या २००८-०९ या आर्थिक वर्षात ३ कोटी ११ लाखांवर डीएस गेले. पण पंधरा कोटींकडे बघताना एक लक्षात ठेवा. मूळचं बोजड मॉडेल दोन कोटीसुद्धा विकलं नाही. त्याच्या देखण्या 'लाइट'नं ९ कोटी ३८ लाखांची मजल मारली, आणि मग डीएसआय, मग त्याचा मोठा भाऊ. मूळचं घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी 'लाइट' पुन्हा घेतला. घरात दोन पोरं असली तर दोन घ्यावे लागले. खिशातला कन्सोल माणशी एक जातो, टीव्हीचा घराला एक. म्हणून डीएस आणि प्लेस्टेशन २ यांचे आकडे एका तराजूत तोलणं मला कधीच पटलेलं नाही. सायकली आणि मोटारी एकत्र मोजण्यासारखं आहे ते.

स्विच हा त्या दोन्हींमधला. टीव्हीला लावा, नाहीतर उचलून घेऊन जा. ३ मार्च २०१७ ला आला तेव्हाही त्यातला एनव्हिडियाचा टेग्रा एक्स१ हा चिप दोन वर्षं जुना होता, म्हणजे योकोईंचीच शिकवण. २०२० च्या मार्चमध्ये जग घरात कोंडलं गेलं आणि नेमक्या त्याच महिन्यात 'अॅनिमल क्रॉसिंग' आला, बेटावर घर बांधायचं, झाडं लावायची, शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या. त्या एप्रिलपासून सुरू झालेलं आर्थिक वर्ष स्विचचं सगळ्यांत मोठं, २ कोटी ८८ लाख. गंमत म्हणजे भारतात त्याची अधिकृत विक्री कधी झालीच नाही. इथं दिसणारा प्रत्येक स्विच कुणाच्या तरी बॅगेतून किंवा आयात करणाऱ्या दुकानदाराकडून आलेला. पंधरा कोटींत आपला वाटा नगण्य.

पहिल्या प्लेस्टेशननं कॅसेट सोडून सीडी धरली. सीडी छापायला स्वस्त आणि पटकन, म्हणून खेळ बनवणारे निन्टेन्डोकडून त्याच्याकडे गेले. त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांत लेन्सची गाडी प्लॅस्टिकवर सरकायची, ते झिजलं की लेन्स कलंडायची. म्हणून जगभरच्या पोरांनी तो उलटा ठेवून चालवला, आणि चाललाही. दहा कोटी गाठायला त्याला साडेनऊ वर्षं लागली. प्लेस्टेशन २ ला पाच वर्षं नऊ महिने, प्लेस्टेशन ४ ला पाच वर्षं सात महिने. निन्टेन्डोचा वी हा तर सरळ त्याच्या आधीच्या गेमक्यूब कन्सोलच्याच तंत्राचा पुढचा हप्ता, अमेरिकेत अडीचशे डॉलरला, हातवारे करून टेनिस खेळा. आजी-आजोबांनी एक दिवाळी खेळला आणि शोकेसमध्ये ठेवला. त्याचा वारस वी यू १ कोटी ३५ लाखांवर आपटला. यावरून काय ते ओळखा.

प्लेस्टेशन ४ बद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर तो माझ्या मांडणीत नीट बसत नाही. जुन्या तबकड्या त्यात चालत नव्हत्या, खेळाखेरीज खास उपयोग नव्हता. तो खपला कारण समोरच्यानं, म्हणजे एक्सबॉक्स वननं, सुरुवात चुकवली आणि यानं चुकवली नाही. कधी कधी तेवढंच पुरतं. तसंच जुने खेळ चालण्याचं. प्लेस्टेशन २, वी, डीएस यांना त्याचा मोठा फायदा झाला. स्विचनं एकही जुनी कॅसेट चालवली नाही, तरी दुसऱ्या नंबरावर आहे.

'चांगला कोणता' हे शोधायला मी दुसरं एक माप वापरतो: एका यंत्रामागे किती खेळ विकले गेले. निन्टेन्डोच्या आकड्यांवरून गेम बॉयमागे ४.२ खेळ पडतात, डीएसमागे ६.२, निन्टेन्डोच्याच ऐंशीच्या दशकातल्या एनईएस या कन्सोलमागे ८.१, वीमागे ९.१. पहिल्या प्लेस्टेशनमागे साडेनऊच्या आसपास, प्लेस्टेशन २ मागे जवळपास १०. म्हणजे प्लेस्टेशन २ घेणाऱ्यानं तो नुसता घेतला नाही, त्याला पोसत राहिला. गेम बॉयचा आकडा लहान आहे तो काही अंशी दुबार खरेदीमुळे, काही अंशी टेट्रिसमुळे. डब्यातल्या एकाच खेळावर वर्षं काढलेली माणसं मला माहीत आहेत. वीचा ९.१ मात्र फसवा. त्यात डब्यासोबत फुकट आलेला खेळ मोजलेला आहे.

आता राहिला तो कन्सोल, जो यादीत नाहीच. तुम्ही नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढला असाल तर तुमचा पहिला कन्सोल सोनीचा नव्हता आणि अस्सल निन्टेन्डोचाही नव्हता. तो होता 'टीव्ही गेम'. दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक, आणि पिवळी कॅसेट, जिच्यावर लिहिलेलं '९९९९९९ इन १'. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची. खेळ मोजून चार-पाच: मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे, बदकं. बाकी नऊ लाखांत तेच खेळ वेगवेगळ्या पातळीवरून सुरू व्हायचे. हे सगळे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमचे बिनपरवाना जुळे भाऊ. असा डबा उघडला की आत जवळजवळ काहीच नसतं: एक छोटा बोर्ड आणि मधोमध रुपयाएवढा काळा ठिपका. त्या एपॉक्सीच्या थेंबाखाली अख्खा फॅमिकॉम एका चिपमध्ये. तो जळाला तर दुरुस्ती नाही, नवा डबा घ्या. अस्सल फॅमिकॉम आणि त्याचं जपानबाहेरचं रूप एनईएस मिळून ६ कोटी १९ लाख गेले. नकली किती गेले ते कुणी मोजलेलंच नाही. रशियात डेंडी, आपल्याकडे टीव्ही गेम, चीनमध्ये आणखी कितीतरी. माझ्या हाताखालून गेलेल्यांवरून बोलायचं तर आपल्या भागातला पहिला नंबर त्याचाच, आणि प्लेस्टेशन २ दुसरा.

त्या बंदुकीबद्दल एक सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी येतंच. बंदूक गोळी मारत नाही, बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतला डोळा त्या क्षणी उजेड दिसला का, एवढंच पाहतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर हा उजेड ताबडतोब उमटायचा. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला थोडा वेळ घेतो, तोवर बंदुकीची संधी गेलेली असते. मागच्या वर्षी एक गृहस्थ मुलासाठी जपून ठेवलेली बंदूक घेऊन आले, 'बघा हो, बिघडली.' मी कोपऱ्यातला जुना चौदा इंची टीव्ही लावला. पहिल्याच चापाला बदक पडलं. बंदुकीचं काहीच बिघडलं नव्हतं, त्यांच्या घरचा टीव्ही नवा होता.

आता तुमच्या माळ्यावरच्या प्लेस्टेशन २ कडे. खाली काढा, पण लगेच पिन लावू नका. आधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेतून किंवा जपानहून कुणी आणलेला असेल तर तिथं १२० किंवा १०० व्होल्ट लिहिलेलं असेल. तो आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावलात तर पॉवर सप्लाय गेलाच. तसा असेल तर व्होल्टेज कमी करणारा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढा, तोंडानं फुंकू नका. आणि झुरळं आहेत का बघा. हसू नका, ऊब मिळते म्हणून ती कन्सोलमध्ये घर करतात, आणि एकदा तर माझ्या टेबलावर झाकण उघडताच अख्खं कुटुंब बाहेर पडलं होतं. तबकडी वाचत नसेल तर इअरबडच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घेऊन लेन्सवर हलक्या हातानं फिरवा. लेन्स दाबली की ती कायमची गेली समजा. दर वेळी तारीख-वेळ विचारत असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे, बाकी काही नाही. नव्या टीव्हीवर चित्र पुसट दिसेल. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीऐवजी टीव्हीला सोय असेल तर पाच पिनांची कॉम्पोनंट केबल लावा, फरक पडतो.

मग जुनं मेमरी कार्ड खाचेत घाला, एखादी जुनी तबकडी टाका आणि सुरू करा. कंपनीचं नाव येण्याआधी काळ्या-निळ्या धुक्यात जे मनोरे उभे दिसतात ना, ती सजावट नाही. त्या यंत्रावर जे जे खेळ लावले गेले त्यांची नोंद कार्डावर असते, तिचे ते मनोरे. जो खेळ जास्त वेळा लावला त्याचा मनोरा उंच. माळ्यावर टाकण्याआधी घरात कोण काय खेळत होतं ते त्यात दिसेल. एकही मनोरा दिसला नाही तर तबकडी वाचेपर्यंत थांबा. खेळाला तुमची जुनी नोंद सापडली नाही तर कार्ड गेलंय, दुसरं सेकंडहँड मिळून जाईल. कन्सोल ठेवा.